करडं अंग, काळा गळा

तपासणीची समिती येणार म्हटलं की आमच्याकडच्या कॉलेजांत लग्नघर उभं राहतं. नवरा कोण नि नवरी कोण ते विचारू नका. भिंतींना रंग, झाडांच्या बुंध्यांना गेरू, मंगल कार्यालयातून खुर्च्या, दुसऱ्या कॉलेजातून पोतीभर पुस्तकं. माणसंसुद्धा मागून आणतात हो! एका दिवसाचा ग्रंथपाल, एका दिवसाचा खेळाचा मास्तर. समिती जेवून गाडीत बसली की ज्याचं त्याला परत. याला कुणी खोटं म्हणत नाही, तयारी म्हणतात.

केजच्या अलीकडं रस्त्याला लागून असलेल्या अशाच एका कॉलेजात त्रिंबक रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायचा. एकोणीस वर्षं सांभाळत होता. कोणत्या बाटलीचं बूच आवळून बसतं, कोणता नळ रडतो, कोणत्या पोराच्या हातून काचेचं नळकांडं फुटणार, हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. पण कागदावर तो कुणीच नव्हता. दर वर्षी अकरा महिन्यांचा एक कागद मिळायचा, बाराव्या महिन्यात तो कागद नसताना काम करायचा. कायम होण्याची त्याची फाईल प्राचार्य अर्जुनरावांकडं होती. ती आज सरकेल, उद्या सरकेल. आता तो चव्वेचाळीसचा झाला होता आणि पंचेचाळीसनंतर वयात बसत नाही असं अर्जुनरावांनीच त्याला सांगितलेलं. या समितीपुढं कॉलेज पास झालं की दुसऱ्या दिवशी सही, असा त्यांचा शब्द होता.

त्रिंबकचा जन्म ऊसतोडीवरच्या पाचटाच्या कोपीतला. आईबापांनी हाडं झिजेस्तोवर कोयता चालवला. घरात कोयता न धरलेला पहिला माणूस म्हणजे हा. त्याची बायको मंगल लग्नाआधी सहा हंगाम तोडीला गेलेली. मोळ्या वाहून वाहून तिच्या कमरेचं जे व्हायचं ते झालेलं. ती दुसरं काही मागत नव्हती. फक्त म्हणायची, पुन्हा तोडीला जायची पाळी आणू नका. त्रिंबकची नोकरी गेली असती तर दुसरं होतं काय? चव्वेचाळिसाव्या वर्षी बायकोला घेऊन ट्रॅक्टरमागच्या गाडीत चढायचं, एवढंच. म्हणून अर्जुनराव जे सांगतील ते तो करायचा. भितो म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी एक हंगाम मोळ्या वाहून बघाव्यात.

तर समितीला चार दिवस राहिले आणि लक्षात आलं की कागदावर प्रयोगशाळेत नायट्रोजनचा भरलेला सिलिंडर आहे आणि प्रत्यक्षात भिंतीला नुसती साखळी लटकतेय. जुना सिलिंडर दोन वर्षांपूर्वी परत गेला होता. नवा संभाजीनगरहून यायचा, तो काही चार दिवसांत येणार नव्हता. अर्जुनराव इतिहासाचे. त्यांनी त्रिंबकला केबिनमध्ये बोलावलं आणि हसत विचारलं, केजात वेल्डिंगवाल्यांकडं सिलिंडर असतातच की नाही? दोन दिवसांसाठी एक आण. त्रिंबक म्हणाला, सर, तो ऑक्सिजन असतो. अर्जुनराव म्हणाले, अरे, समिती काय त्याचा वास घेणार आहे? गॅस तो गॅस. रंग देऊन टाक. दाखवायचा, उघडायचा नाही.

केजात इसाकभाईंचं वेल्डिंगचं दुकान. साठीचा माणूस, त्रिंबकशी त्यांचं जुनं बोलणंचालणं. त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं आखडलेली. कशानं आखडली, ते त्यांनी त्या दिवशी सिलिंडर देताना सांगितलं. एका ईदला शीरखुर्मा खाऊन दुकानात आले, गिऱ्हाईक घाईत होतं, हात नीट न धुता ऑक्सिजनवर रेग्युलेटर बसवला आणि चावी फिरवली. ना काडी, ना ठिणगी. बोटांना लागलेलं तेवढं तूप पुरलं. नटातूनच जाळ निघाला आणि पितळ मेणासारखं वितळलं.

"तेल, तूप, ग्रीस, कायबी नको," इसाकभाई म्हणाले होते. "दाबातला ऑक्सिजन तेलाला भेटला की आग आपुन पेटती. तिला काडी लागत न्हाई. ध्यानात ठेव, त्रिंबक."

रंग देणार हे त्रिंबकनं त्यांना सांगितलं नाही. तिथंच पाप झालं म्हणा. कारण सिलिंडरचा रंग म्हणजे त्याचं नाव. काळं अंग आणि पांढरा गळा म्हणजे ऑक्सिजन. करडं अंग आणि काळा गळा म्हणजे नायट्रोजन. जळणाऱ्या गॅसच्या सिलिंडरचे आटे उलटे असतात, तिथं चुकीचं रेग्युलेटर बसतच नाही. पण या दोघांचे आटे एकाच वळणाचे. एकाचं रेग्युलेटर दुसऱ्यावर सुखानं बसतं. म्हणजे रंग खोटा बोलला की खरं सांगणारं दुसरं काही उरत नाही. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं रविवारी दुपारी दार लावून त्या काळ्या अंगाला करड्या रंगाचे दोन हात दिले, आणि पांढरा गळा काळा केला. खांद्यावरची कोरलेली अक्षरं रंगानं भरून निघाली. पण उघडायचा नाही म्हणालेत ना सर, असं तो स्वतःला बजावत राहिला.

उज्मा मॅडमना मात्र कुणी काही सांगितलं नाही. रसायनशास्त्राच्या या मॅडम जूनमध्येच आलेल्या. बीडच्या, अंगानं किरकोळ, कामाला वाघीण. करडा सिलिंडर साखळीत बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्रिंबकला चहा पाजला. म्हणाल्या, त्रिंबकभाऊ, आता पोरींना खरं काम शिकवता येईल. त्रिंबकनं तो चहा कसा गिळला ते त्यालाच माहीत. त्याच वेळी सांगायला हवं होतं की नाही? हवंच होतं. पण मॅडम सरळ स्वभावाच्या, तडक केबिनमध्ये जाऊन भांडल्या असत्या, आणि फाईल गेली असती खड्ड्यात. मग तो गप्प बसला.

समितीचा दिवस उजाडला. प्रयोगशाळेला दोन दारं, त्यातलं मागचं शिपाई हरिबानं आदल्या दिवशीच बंद केलं होतं. मोडकी बाकं, फुटक्या टाक्या, गंजलेली कपाटं, कॉलेजभरची सगळी लाज त्या दाराला टेकवून रचलेली आणि वरून मूलद्रव्यांच्या तक्त्याचा मोठा पडदा सोडलेला. खिडक्या नव्या रंगानं चिकटून बसल्या होत्या. उरलं पुढचं एक दार. आत बावीस पोरी पांढऱ्या कोटांत उभ्या. त्रिंबकला मात्र अर्जुनरावांनी सांगितलं, तू कोपऱ्यात सिलिंडरजवळ उभा राहा, पुढं येऊ नको, कुणाशी बोलू नको. परिचराचा गणवेश आणि ओळखपत्र घालून दाराशी उत्तरेश्वर उभा होता. तो अर्जुनरावांचा मेव्हणा. आष्टीला त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. आजच्या दिवसापुरता दिसायला नीटनेटका माणूस पाहिजे, असं सरांनी सांगितल्यावर त्रिंबकला त्यात काही वावगं वाटलं नाही. ग्रंथपाल मागून आणलेला, तसा परिचर मागून आणलेला.

समितीत तिघं होते. दोघं पुरुष पंखा शोधत होते. तिसऱ्या एक वयस्क बाई, पुण्याकडच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्या थेट रसायनाच्या टेबलाशी आल्या. टेबलावर गरम पाण्यात काचेची कुपी ठेवलेली आणि कुपीत ईथर. ईथर म्हणजे पेट्रोलचा बाप. झाकण काढलं की वाफ टेबलावरून ओघळत खाली उतरते. उज्मा मॅडमनी पोरींना ते नायट्रोजनच्या झोताखाली कसं उडवायचं ते वहीत लिहून दिलं होतं. नायट्रोजन असला तर काही पेटत नाही, हाच त्याचा उपयोग.

बाईंनी विचारलं, सिलिंडर आहे, तर वापरता का? उज्मा मॅडमचे डोळे चमकले. म्हणाल्या, आत्ता दाखवते.

त्रिंबकनं अर्जुनरावांकडं पाहिलं. अर्जुनरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आखडलं, पण दुसऱ्या क्षणाला त्यांनीच मान डोलावली. त्यांच्या लेखी त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतंच. वारा बाहेर येईल, मॅडम दाखवतील, समिती शाबासकी देईल. आग लागेल हे त्या माणसाच्या गावीच नव्हतं. आणि सांगणार कोण? कोपऱ्यात उभा असलेला, ज्याला बोलायची बंदी आहे तो?

सिलिंडर उघडायची चावी वर टांगलेली होती. त्रिंबकनं ती हळूच काढून खिशात टाकली. मॅडमनी चावी मागितली तेव्हा तो म्हणाला, सापडत न्हाई. एकोणीस वर्षांत त्याची एक वस्तू कधी हरवली नव्हती, त्यामुळं मॅडम नवल करत त्याच्याकडं बघत राहिल्या. समितीतल्या एकानं घड्याळ पाहिलं. अर्जुनराव हसत हसत कोपऱ्यात आले, त्रिंबकच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी येऊन बोलले.

"तुझी फाईल टेबलावर काढून आलोय. चावी दे."

आता काय करायचं सांगा. चावी द्यावी तर बावीस पोरी, एक मॅडम आणि ईथरची कुपी, आणि बाहेर पडायला एकच दार. न द्यावी तर मंगल आणि कोयता. पाठीमागं भिंत, डाव्या हाताला टेबल, उजवीकडं मोडक्या बाकांवरचा पडदा, समोर अर्जुनराव. त्रिंबकला हलायला फूटभर जागा नव्हती. घाम त्याच्या कानामागून मानेवर उतरला. त्याला एकदम हमसून रडावंसं वाटलं, चारचौघांत, लहान पोरासारखं. सर, तेवढं नका करू, असं तो पुटपुटला. अर्जुनरावांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, ते बाईंकडं वळून पुन्हा हसत होते.

आणि मग उत्तरेश्वर मदतीला धावला. ओळखपत्र गळ्यात आहे म्हटल्यावर काहीतरी करून दाखवलं पाहिजे ना! तो दाराशी ठेवलेली आपली हत्यारांची पिशवी घेऊन आला, तिच्यातून पाना काढला. रेग्युलेटर शेजारच्या फळीवर होतं ते उचलून सिलिंडरच्या तोंडाला लावलं. नट दोन वेढे फिरला आणि अडकला. पंपवाला माणूस तो. आयुष्यभर अडकलेल्या नटाला एकच औषध करत आला. बाई उज्मा मॅडमना वहीतलं काही विचारत होत्या, मॅडमची पाठ इकडं होती, अर्जुनराव दुसऱ्या साहेबांना खिडकीतून मैदान दाखवत होते. उत्तरेश्वरनं पिशवीतून तेलाची कुपी काढली आणि आट्यांवर सढळ हातानं तेल सोडलं. तेल नटातून ओघळून सिलिंडरच्या तोंडात उतरलं. नट लोण्यासारखा फिरला. उत्तरेश्वर खूश झाला. त्यानं त्रिंबककडं बघून डोळासुद्धा मिचकावला. मग चावी नाही तर नाही, पानाच वरच्या दांड्याला लावला, उघडण्यासाठी.

तेलाचा थेंब त्रिंबकनं बघितला. त्या क्षणाला त्याला मंगल दिसली नाही, फाईल दिसली नाही. इसाकभाईंची आखडलेली बोटं दिसली, आणि पहिल्या रांगेतली ती दोन वेण्यांची पोरगी, जी कुपी धरून वाकली होती. त्यानं उत्तरेश्वरच्या मनगटाला अशी पकड घातली की पाना खाली पडला. सगळी प्रयोगशाळा इकडं वळली.

"उघडू नका," त्रिंबक म्हणाला. आवाज फाटला होता त्याचा. "ह्यात नायट्रोजन न्हाई. ऑक्सिजन हाय. अन् ह्यानं आत्ता तेल लावलंय."

उज्मा मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. बाकी कुणाला काही कळलं नाही, त्यांना एका वाक्यात कळलं. त्यांनी त्या पोरीच्या हातातली कुपी घेतली, बूच घट्ट बसवलं आणि अगदी साध्या आवाजात, तास संपल्यावर सांगतात तसं, पोरींना ओळीनं बाहेर जायला सांगितलं. एकाच दारातून बावीस पोरी, त्यांच्यामागं समिती. अर्जुनराव पोरींच्याही पुढं निघाले होते, हे हरिबा आजही हसून सांगतो. उत्तरेश्वर तर पिशवी तिथंच टाकून पळाला.

आत राहिला त्रिंबक. कारण कुणीतरी ते काम करायलाच हवं होतं. त्यानं साबणानं दोनदा हात धुतले, कोरडे केले. दांडा घट्ट बंद आहे ना ते बघितलं. रेग्युलेटर सोडवून वेगळं ठेवलं. तोंडावर टोपी बसवली, खडूनं अंगावर मोठं लिहिलं, ऑक्सिजन, तेल लागलंय, उघडू नये. मग हरिबाला हाक मारून ढकलगाडी मागवली, सिलिंडर उभाच साखळीनं बांधला आणि दोघांनी मिळून तो मोकळ्या मैदानात नेऊन ठेवला, ईथर आणि माणसं यांच्यापासून लांब.

पुण्याच्या बाईंनी त्याला कार्यालयात बोलावलं. अर्जुनराव आधीच बसलेले होते आणि बोलत होते. म्हणे, या माणसानं परस्पर रंग दिला, आम्हाला अंधारात ठेवलं, हा तसा आमच्याकडचा नव्हेच, येऊन जाऊन असतो. बोलताना ते त्रिंबककडं बघत होते आणि नजर वेगळंच बोलत होती. मघाशी बोळात त्यांनी त्याला गाठलं होतं. म्हणाले होते, एवढं आपल्या अंगावर घे, देवाशपथ उद्या सही करतो. आणि गंमत बघा, त्रिंबकचं मन त्या वेळीसुद्धा हललं होतं. एकोणीस वर्षांची सवय अशी एका दुपारी सुटत नाही. अंगावर घ्यावं, पोरी तर वाचल्या, आता कुणाचं काय जातं, असं म्हणतच तो जिना चढला होता.

बाईंनी कॉलेजनं दिलेली कर्मचाऱ्यांची यादी पुढं ओढली आणि त्याचं नाव शोधायला लागल्या. नाव नव्हतं. ते नसणार हे त्याला माहीतच होतं. पण बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं होतं आणि त्यानं वाकून ती ओळ वाचली. प्रयोगशाळा परिचर, कायम. नाव उत्तरेश्वरचं. नेमणूक सहा वर्षांपूर्वीची, श्रावण महिन्यातली.

श्रावणातली. त्रिंबकला तो दिवस लख्ख आठवला. अर्जुनरावांनी केबिनमध्ये बोलावून त्याच्या हातावर पेढा ठेवला होता. काम झाल्यात जमा आहे म्हणाले होते. त्यानं अर्धा पेढा खाल्ला होता आणि अर्धा कागदात बांधून मंगलसाठी नेला होता. मंगलनं तो देवापुढं ठेवून मग तोंडात टाकला होता. पेढा उत्तरेश्वरच्या नोकरीचा होता. फाईल तेव्हाच संपली होती आणि हा पुढं सहा वर्षं तिच्यासाठी मान खाली घालून उभा होता.

कार्यालयात पंखा फिरत होता. अर्जुनराव यादी बंद करायला हात पुढं करत होते, बाईंनी ती आपल्याकडं ओढून घेतली. रंग कुणी दिला, त्यांनी विचारलं. त्रिंबक म्हणाला, मी. कुणाच्या सांगण्यावरून? अर्जुनरावांनी डोळे मिटून घेतले.

"सरांच्या," त्रिंबक म्हणाला. "पर रंग म्या दिलाय, ते बी लिवा. मला ठावं व्हतं आन् म्या दिला."

बाईंनी लिहिलं. मग नाव विचारलं, ते लिहिलं. पुढच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. पद काय लिहू, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. त्रिंबकनं त्या रकान्याकडं पाहिलं. रडू आता येत नव्हतं. राग येत होता, आणि तोही अर्जुनरावांवर कमी, त्या अर्ध्या पेढ्यावर जास्त. मंगलला आज काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"ते रिकामं ऱ्हाऊ द्या, बाई," तो म्हणाला आणि सही करून उठला.

बाहेर मैदानात ऊन चढलं होतं. सिलिंडर भर उन्हात उभा होता, आणि भोवती लांब कडं करून सगळे नुसते बघत होते. हरिबा, क्लार्क, उज्मा मॅडम, पोरी. भरलेला सिलिंडर उन्हात ठेवत नाहीत. जवळ जायची कुणाची छाती नव्हती. त्रिंबकनं बाह्या वर केल्या आणि तो सावलीत न्यायला पायऱ्या उतरला, कारण त्या कॉलेजात ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.